तीन मजली मातीचे खतपात्र: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सज्जात स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून खत करण्याचे तीन मजली मातीचे पात्र आले. एकावर एक बसणारी, प्रत्येकी साधारण तीस लिटर मावेल अशी तीन भाजकी भांडी, वर झाकण, वरच्या दोन भांड्यांच्या तळाला सुतळीची जाळी, सोबत दोन किलो कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाची एक पिशवी, एक लाकडी उलथणे आणि चार पानांचे माहितीपत्रक, एवढ्याला ३,६०० रुपये पडले. पुण्यातल्या ज्या दुकानातून ते घेतले त्याचे नाव येथे देत नाही, कारण अशाच घडणीची पात्रे आता अनेक कुंभार आणि अनेक विक्रेते करतात, आणि माझे म्हणणे एका दुकानाविषयी नसून या वस्तूविषयी आहे. घरात आम्ही चार माणसे. पहिल्या दिवसापासून पात्रात जाणारा प्रत्येक डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वहीत आकडा लिहिला, बाहेर पडलेले खतही मोजले आणि शेवटी त्याचा एक नमुना प्रयोगशाळेतून तपासून घेतला. वस्तू चांगली आहे आणि गरज पडली तर मी ती पुन्हा घेईन. परंतु ती विकताना जे सांगितले जाते आणि ती प्रत्यक्षात जे करते यांत बरेच अंतर आहे, आणि ते समजून न घेता वापर सुरू केला की दुर्गंधी, चिलटे आणि पिवळी पडलेली झाडे पदरात पडतात. माझ्याही पडली.

खोक्यावर ‘कचऱ्यातले संपूर्ण पोषण मातीला परत’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. माझी वही तसे सांगत नाही. चौदा महिन्यांत पात्रात ३१८ किलो ओला कचरा आणि ५४ किलो सुका पालापाचोळा गेला. चाळून हाती आलेले खत ८४ किलो भरले आणि आणखी दहाएक किलो कच्चा माल आजही खालच्या मजल्यांत आहे. ओल्या कचऱ्यात पाच भागांपैकी चार भाग पाणीच असते, त्यामुळे वजनातली बरीचशी घट ही निव्वळ पाण्याची आहे. तरीही पाणी वजा करून उरलेल्या कोरड्या ऐवजाचा हिशेब मांडला, तर त्यात सुमारे ४९ किलो कर्ब (कार्बन) होता असे निघते. तयार खतात आणि पात्रात मिळून त्यातला फार तर १७ किलो शिल्लक आहे. बाकीचा ३२ किलो कर्ब सज्जातूनच हवेत गेला, म्हणजे ११५ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण दिशा पक्की आहे: पात्रात गेलेल्या कर्बापैकी दोन तृतीयांश माती होत नाही, तो हवेला परत जातो.

हे वाचून कोणी निराश होऊ नये, कारण हा पात्राचा दोष नाही, ते त्याचे कामच आहे. केळीच्या सालीत किंवा दुधीच्या देठात जो कर्ब असतो तो वनस्पतीने काही महिन्यांपूर्वी हवेतून घेतलेला असतो. उन्हाच्या बळावर तिने तो साखरेत, पिष्टात आणि काष्ठतंतूंत बांधला. पात्रातले जिवाणू आणि बुरशी ते बंध सोडवतात, त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. सकाळी झाकण उघडल्यावर हाताला लागणारी ऊब ही त्याच उन्हाची शेवटची किंमत आहे. हा कर्ब पृथ्वीच्या पोटातून काढलेल्या कोळशाचा नाही. हवेतून झाडात आणि झाडातून हवेत हा त्याचा फेरा माणसाच्या आधीपासून चालू आहे. जो एक तृतीयांश उरतो तो मात्र सहजी न कुजणारा, काळा, चिवट असा ऐवज असतो आणि तो मातीत गेल्यावर पुष्कळ काळ टिकू शकतो. हवा आणि सगळ्या वनस्पती मिळून जेवढा कर्ब धरून आहेत त्याहून अधिक कर्ब जगातल्या मातीत आहे, आणि तो तिथे अशाच उरलेल्या भागांतून, ओंजळी-ओंजळीने साठला आहे.

खरा फरक पडतो तो कचरा सज्जात कुजला की कचराभूमीवर, यामुळे. पन्नास-साठ फूट उंचीच्या ढिगाऱ्यात हवा पोचत नाही. तिथे प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू काम करतात आणि त्यांच्याकडून कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेन बाहेर पडतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनाला वजन सुमारे २८ पट अधिक उष्णता धरतो. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, हे पुष्कळांना आठवत असेल. पुण्याच्या कचऱ्याची घाण आणि काळे पाणी उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. आमच्या घरचे ३१८ किलो त्या वाटेने गेले नाहीत, याचे मोल मला खताहून अधिक वाटते, आणि विक्रेत्याने खोक्यावर काही छापायचेच असेल तर त्याने हे छापावे.

आता माहितीपत्रकाविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. त्यात म्हटले आहे की रोजचा कचरा टाकल्यावर वरून कोकोपीटची एक मूठ पसरावी. कचरा किती, कोणता, हे काही नाही. मी सांगितल्याप्रमाणे केले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरी मेथी आणि पालक भरपूर आले होते, त्यांची देठे, मटाराची सालपटे आणि चहाचा चोथा असे तीन दिवस सलग पडले. चौथ्या दिवशी झाकण उचलले तर डोळ्यांत पाणी आणणारा वास. पूर्वी सार्वजनिक मुताऱ्यांपाशी यायचा तो वास, म्हणजे अमोनिया. शेजाऱ्यांनी सौजन्याने विचारणा केली, सासूबाईंनी पात्र गच्चीत हलवायला सांगितले, आणि दुकानात फोन केल्यावर ‘विरजण वाढवा’ असा सल्ला मिळाला. विरजण वाढवून वास वाढला.

कारण नीट पाहिले तर साधे आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंच्या अंगात सुमारे आठ भाग कर्बाला एक भाग नत्र (नायट्रोजन) असते. पण खाल्लेल्या कर्बापैकी दोन तृतीयांश ते श्वासावाटे जाळून टाकतात, म्हणून अंगासाठी आठ भाग हवे असतील तर श्वासासाठी आणखी सोळा भाग लागतात. एकूण चोवीस. म्हणून पात्रात जाणाऱ्या मालात एक भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब असावा असे सांगतात. याला कृषी खात्याच्या भाषेत कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. पालेभाजीच्या देठांत हे गुणोत्तर दहा-पंधरापर्यंत खाली असते. जिवाणूंना जळण कमी पडले की ते नत्रयुक्त पदार्थच जाळतात आणि अंगाला न लागलेले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. वाळलेल्या पानांत हे प्रमाण चाळीस ते ऐंशी असते, लाकडाच्या भुशात तर काही शे. सुका माल हा वास झाकणारे पांघरूण नव्हे. तो जिवाणूंचे जळण आहे. माहितीपत्रकात हे एक वाक्य असते तर माझे दोन महिने वाचले असते.

आणि जे उडून गेले ते किती मोलाचे होते, याचाही विचार व्हावा. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण तो वायू झाडाला जसाच्या तसा घेता येत नाही. निसर्गात त्याला झाडाला घेता येईल अशा रूपात बांधण्याचे काम मुख्यतः जिवाणू करतात. मेथी उपटताना तिच्या मुळांवर लहान गाठी दिसतात, त्यांच्यात हेच काम चालू असते. हरभरा, भुईमूग, तूर यांचेही तसेच. माणसाला हे काम मोठ्या प्रमाणावर करण्याची वाट सापडली ती १९०९ साली, जेव्हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे अशा अमोनियाचा कारखाना सुरू झाला. आज आपल्याकडचा युरिया प्रामुख्याने नैसर्गिक वायू वापरून होतो. कोबीच्या पानात असलेले नत्र बहुधा अशा युरियातून आलेले असते. एवढ्या खटाटोपाने बांधलेले नत्र चौथ्या मजल्यावरच्या मडक्यातून शेजाऱ्यांच्या नाकात जावे, हे मला फार लागले. तेव्हापासून मी पालेभाजीच्या एका डब्यामागे दोन डबे चुरलेली वाळकी पाने आणि वर मूठभर कोरडी माती घालते. वास त्या दिवसानंतर आलेला नाही. मातीतले चिकण कण अमोनियाला धरून ठेवतात. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत विटांच्या टाकीत कचरा, शेणकाल्याचे पाणी आणि माती यांचे थरावर थर देतात, त्यातल्या मातीच्या थराचे महत्त्व मला या मडक्यामुळे कळले.

दुसरी चूकही माहितीपत्रकाच्या भरवशावर झाली. ‘४५ दिवसांत खत तयार’ असे त्यात आहे. पंचेचाळीस दिवसांनी खालच्या मजल्यातला माल तपकिरी आणि भुसभुशीत दिसत होता, म्हणून मी तो टोमॅटोच्या चार कुंड्यांत घातला. दहा-बारा दिवसांत खालची पाने पिवळी पडू लागली, वरचा शेंडा मात्र हिरवा. नत्राची टंचाई झाली की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. खत घालूनही टंचाई कशी, असा प्रश्न पडेल. अर्धकच्च्या खतात पानांचा न कुजलेला कर्ब शिल्लक असतो. तो फोडण्यासाठी जिवाणूंना नत्र लागते आणि ते त्यांना मातीतून मुळांच्या आधी मिळते. महिना-दीड महिन्याने जिवाणूंची उपासमार होऊन ते मेले, त्यांच्या अंगातले नत्र मोकळे झाले आणि झाडे सावरली, पण मोसम हातचा गेला. नाडेप टाकीला ९० ते १२० दिवस लागतात. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरमध्ये १९२४ ते १९३१ या काळात बसवलेल्या पद्धतीतही वारंवार उलथूनपालथून तीनेक महिने धरलेले आहेत. मडक्यातल्या थोड्याशा मालाला त्याहून कमी वेळ पुरेल असे मानायला काहीच आधार नाही. माझा अनुभव असा की उन्हाळ्यात ७५ दिवस आणि पावसाळ्यात ११० दिवस धरावेत. खात्री करायची असेल तर मूठभर खत ओलसर करून पिशवीत तीन दिवस बंद ठेवावे आणि उघडून वास घ्यावा. आंबूस किंवा उग्र वास आला तर ते तयार नाही. पहिल्या पावसाचा वास आला तर आहे. तो वास बुरशीसारख्या धाग्यांनी वाढणाऱ्या एका जातीच्या जिवाणूंचा असतो आणि ते साधारण शेवटच्या टप्प्यात वरचढ होतात.

विरजणाच्या पिशवीविषयी थोडक्यात सांगते. ती संपल्यावर २५० रुपयांची नवी पिशवी घ्यावी असे सुचवतात. घेऊ नये. तयार खताची एक ओंजळ नव्या भांड्याच्या तळाला घातली की पुरते, जसे दह्याला कालच्या दह्याचे विरजण पुरते.

मातीच्या भांड्याचा निर्णय मात्र योग्य ठरला. प्लास्टिकच्या पेटीत पाणी साठते आणि तळ आंबतो; भाजक्या मातीची भिंत पाणी झिरपू देते आणि हवाही आत घेते. मालात निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे ५० ते ६० टक्के पाणी असावे असा दंडक आहे, आणि तो हाताने कळतो: मूठ आवळली की बोटांमध्ये ओल जाणवावी, थेंब गळू नये. उन्हाळ्यात भिंती इतके पाणी पितात की आठवड्यातून दोनदा आत पाणी शिंपडावे लागते. पावसाळ्यात उलटे. जुलैत सज्जात येणाऱ्या पावसाच्या झडीने सगळ्यात वरचे भांडे ओले होत राहिले आणि खालच्या भांड्यातून तपकिरी पाणी ठिबकू लागले. त्या पाण्यात नायट्रेट आणि पालाश (पोटॅश) विरघळलेले असते. ते मोरीत जाऊ न देता ताटलीत धरून दहापट पाणी मिसळून जास्वंदीला घातले. पात्राखाली ताटली देण्याची सोय विक्रेत्याने केलेली नाही, ही उणीव आहे.

भिंतीविषयी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून भांड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पूड दिसू लागते, आधी ठिपक्यांसारखी, मग कमरपट्ट्यासारखी गोल. अनेकांना ती बुरशी वाटते आणि ते भांडे घासून धुतात. ती बुरशी नसून क्षार आहेत. आतले पाणी भिंतीतून बाहेर येते, उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले पालाश, सोडियम, चुना यांचे क्षार बाहेर राहतात. कर्ब आणि नत्र हवेत जाऊ शकतात. या खनिजांना वायुरूपाने उडून जाण्याची वाट नाही. ती जातात ती फक्त पाण्यावाटे, आणि भांड्यावरचा तो पट्टा म्हणजे त्यांच्या जाण्याची खूण. मी पट्टा ओल्या फडक्याने पुसून फडके कुंडीतल्या मातीवर पिळते. त्याने फार मोठा लाभ होतो असे नाही, पण तेवढे टाकून देववत नाही.

स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, तर याहून अवघड. तो मुळात खडकातून येतो, झिजून मातीत, मातीतून पिकात आणि अखेरीस नदीवाटे समुद्राच्या तळाशी जातो. तिथून परत खडक होऊन वर यायला लक्षावधी वर्षे लागतात. जगातल्या ज्ञात स्फुरदखडकाच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एका पट्ट्यात आहे. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, पण देशाची गरज मुख्यतः आयातीवर भागते. पालाशाचे खत तर जवळजवळ सगळेच बाहेरून येते. म्हणून केळीची साल, डाळी धुतलेले पाणी, पालेभाजीची देठे मोरीत किंवा घंटागाडीत टाकताना आपण काय टाकतो याची जाण असावी. या दोन घटकांच्या बाबतीत खोक्यावरचा ‘परत’ हा शब्द बऱ्याच अंशी खरा आहे, हे मान्य केले पाहिजे.

तपासणीचा अहवाल असा आला: कोरड्या वजनावर सेंद्रिय कर्ब २८ टक्के, नत्र २ टक्के, म्हणजे गुणोत्तर १४. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाने ते २० च्या आत असावे असे ठरवलेले आहे, तेव्हा खत पक्के झाले आहे. सामू, म्हणजे पीएच, ८.१ निघाला, थोडा अल्कधर्मी. त्यामुळे आमच्या गुलाबाला मी हे खत बेताने देते. विद्राव्य क्षारही जरा अधिक होते, ज्याचे कारण मला ठाऊक आहे: पहिले काही महिने आमच्याकडून उरलेली आमटी-भाजी पात्रात जात असे आणि तिच्यातले मीठ कुठेच जात नाही. शिजलेले, मिठाचे आणि तेलाचे अन्न यात घालू नये, निदान फार घालू नये. माहितीपत्रकात ‘सर्व प्रकारचे अन्न चालते’ असे लिहिले आहे, ते दुरुस्त व्हायला हवे.

अळ्यांमुळे पुष्कळ जण हे पात्र महिनाभरात बंद करतात, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या मधल्या भांड्यात बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, चपट्या अळ्या शेकड्यांनी होत्या. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ही माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही. अळ्या कचरा झपाट्याने खातात आणि भांड्यात त्यांचा चरचर आवाज कान लावला तर ऐकू येतो. त्यांचे येणे एवढेच सांगते की माल फार ओला आणि नत्राने भरलेला आहे. सुकी पाने वाढवली की त्या आपोआप कमी होतात. मी त्यांना काढल्या नाहीत. एक दिवस भारद्वाज कठड्यावर येऊन बसला आणि बाकीचे काम त्याने पाहिले. चिलटे मात्र खरोखर त्रासदायक असतात, आणि त्यांवर फळांच्या साली दोन बोटे जाडीच्या पाल्याखाली दाबणे हाच उपाय.

घडणीत दोन दोष आहेत. वरच्या भांड्यांची सुतळीची जाळी सहा महिन्यांत कुजून तुटली. कुजवण्यासाठीच बनवलेल्या भांड्यात कुजणारी जाळी बसवावी, हे समजण्यापलीकडचे आहे. मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी कापून बसवली, ऐंशी रुपयांत काम झाले. दुसरे म्हणजे झाकण. त्याची मूठ हाताने जोडलेली आहे आणि जोडावरच ती निखळली. सुटे झाकण दुकानात मिळत नाही, तीन भांड्यांचा पूर्ण संच घ्या असे सांगतात. शेवटी कुंभारवाड्यातून माठाचे झाकण आणले, ते चपखल बसले आणि मूळच्यापेक्षा जड आहे.

या पात्रात ऊब किती होते हे मी लांब दांड्याच्या तापमापकाने पाहत असे. मोठ्या ढिगात तापमान ५५ ते ६५ अंशांवर जाते आणि तिथे रोगजंतू व तणांच्या बिया मरतात. तीस लिटरच्या मडक्यात एवढी ऊब धरून राहत नाही. माझी सर्वांत मोठी नोंद ४४ अंशांची आहे. म्हणून रोगट झाडे किंवा पाळीव जनावरांची विष्ठा यात घालू नये, आणि खतातून टोमॅटो, पपई, भोपळ्याची रोपे उगवली तर आश्चर्य मानू नये.

‘चोवीस तासांत खत’ देणारी विजेची यंत्रे आमच्या इमारतीत दोन घरांत आहेत, म्हणून तुलना करते. त्यातून निघणारी भुकटी सुटसुटीत आणि बिनवासाची असते, पण ते खत नव्हे, तो वाळवून दळलेला कचरा आहे. पाणी घातले की त्याचे कुजणे तिथून पुढे सुरू होते, आणि ती भुकटी थेट कुंडीत घातलेल्या शेजारीणबाईंची तुळस आठ दिवसांत गेली. जिवाणूंचे तीन महिन्यांचे काम उष्णतेने एका रात्रीत होत नाही.

हे पात्र घ्यावे की नाही, याचा निर्णय मी एकाच प्रश्नावर सोपवीन: तुमच्याकडे वर्षभर पुरेल एवढा सुका पालापाचोळा आहे का? चौघांच्या घराला वर्षाला पन्नासेक किलो लागतो. पुण्यात तो फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर ढिगांनी पडलेला असतो आणि पुष्कळ ठिकाणी जाळला जातो. तेव्हाच सात-आठ पोती भरून कोरड्या जागी ठेवली तर पावसाळा निभतो. भुईमुगाची टरफले, सुताराकडचा बिनरंगाचा भुसा हेही चालते. यांपैकी काहीच मिळण्यासारखे नसेल आणि सगळी भिस्त विकतच्या कोकोपीटवर असेल, तर हे पात्र महाग पडेल, कारण कोकोपीट पाणी शोषते खरे, पण त्यातला कर्ब इतका चिवट असतो की जिवाणूंना जळण म्हणून त्याचा फारसा उपयोग होत नाही.

एक अडचण विक्रेता कधीच सांगत नाही: खत फार होते. आमच्या चौदा कुंड्यांना वर्षाला वीस-बावीस किलो पुरे. त्याहून अधिक घातले तर क्षार साठतात. पोषणद्रव्ये निघाली शेतातून आणि साठली आमच्या सज्जात, तर फेरा अर्धाच झाला. दर रविवारी जुन्नर तालुक्यातून आमच्या फाटकाशी भाजी घेऊन येणाऱ्या ताईंना मी ऑक्टोबरमध्ये पंधरा किलोचे एक पोते दिले. त्यात नत्र फार तर दोनशे ग्रॅम. कांद्याला शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे, तेव्हा शेताच्या मानाने ते काहीच नाही, हे त्याही जाणतात. त्यांनी ते रब्बी कांद्याच्या रोपांसाठी केलेल्या दोन गादीवाफ्यांत मिसळले. महिन्याभराने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, रोपे जाड झाली, माती पाणी धरते, पण कांद्यापेक्षा तुमचे टोमॅटोच जास्त उगवले, दोन दिवस निंदत बसले. तेव्हापासून त्यांच्यासाठीचे खत मी चाळण्याआधी तीन आठवडे ओलसर ठेवून उघड्या घमेल्यात पसरते, बिया उगवू देते आणि रोपे दोन पानांवर आली की उलथून त्यातच गाडते. दुसरे पोते सध्या त्या अवस्थेत आहे; आज सकाळी त्यात टोमॅटोची बरीच आणि भोपळ्याची दोन रोपे वर आलेली होती.